तारापूर नाशिकपासून किती लांब? अणुभट्टी बंद केल्यानंतर लागणाऱ्या पाण्याविषयी

टर्बाइनहॉल

माझ्या पुतणीला बोईसरला, तारापूरच्या अणुवीज केंद्राजवळ, शिक्षिकेची नोकरी लागली आहे. जूनमध्ये हजर व्हायचंय. भाऊ खूश आहे, वहिनींची मात्र झोप उडाली आहे. परवा जेलरोडला आमच्याकडे आल्या, समोरचा चहा तसाच निवू दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमची हयात वीजघरात गेली. खरं सांगा, अणुभट्टीच्या शेजारी पोरीला ठेवू का?"

"काही होत नाही हो" म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ते तोंडातून निघेना. त्यांना म्हटलं, दोन दिवस द्या, नीट लिहून काढतो. ते लिहिलेलं आधी इथे टाकतोय. इथे माझ्याहून जाणती माणसं आहेत. काही चुकलं असेल तर वहिनींपर्यंत पोचण्याआधी दुरुस्त होऊ दे.

मी अणुशास्त्रज्ञ नाही. एका औष्णिक केंद्रात ३१ वर्षं टर्बाइन देखभालीत होतो. आमच्याकडे बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की कोळसा थांबतो आणि आग विझते, पुढे फक्त निवायचं काम उरतं. अणुभट्टीचं तसं नाही. नियंत्रक दांडे आत गेले की साखळी प्रक्रिया काही सेकंदांत थांबते, हे खरं. पण फुटलेल्या अणूंचे तुकडे स्वतःच किरणोत्सर्गी असतात आणि ते तापतच राहतात. बंद केल्याक्षणी मूळ उष्णतेच्या ६-७ टक्के उष्णता शिल्लक असते, तासाभराने साधारण दीड टक्का आणि एका दिवसाने अर्धा टक्का.

अर्धा टक्का म्हणजे किती? तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॉट वीज देतात. त्यासाठी आत तिपटीहून जास्त, म्हणजे सतराशे मेगावॉटच्या आसपास उष्णता तयार होते. तिचा अर्धा टक्का धरला तर साडेआठ मेगावॉट. मी कागदावर गणित मांडलं. एवढ्या उष्णतेने दिवसाला १०,००० लिटरचे जवळपास २८ टँकर पाणी उकळून वाफ होऊन जाईल. तेही भट्टी बंद करून चोवीस तास उलटल्यावर! हे पाणी कोणीतरी आणत राहिलं पाहिजे, आणि ते आणायला पंप लागतो, पंपाला वीज लागते.

फुकुशिमाला नेमकं हेच घडलं. ११ मार्च २०११ च्या दुपारी भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या होत्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर लागले. सुमारे ५० मिनिटांनी त्सुनामीची लाट आली, चौदा-पंधरा मीटरची. तिथल्या संरक्षणाचा हिशोब ५.७ मीटरच्या लाटेचा होता. बहुतेक डिझेल सेट आणि स्विचगिअर (वीज वाटणारे स्विच) टर्बाइन इमारतीच्या तळघरात होते, तिथे समुद्र शिरला. १ क्रमांकाच्या भट्टीला वाफेचं पाणी करून भट्टी गार करणारा, विजेशिवाय चालू शकणारा कंडेन्सर होता, पण त्याची झडप उघडी आहे की बंद, हे कळायलाच वीज नव्हती. पाळीवरच्या लोकांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि त्या जोडून मीटर वाचले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गच्चीत जाऊन उभा राहिलो होतो.

कारण अशीच एक रात्र मी बघितली आहे, खूप लहान प्रमाणात. केंद्राचं नाव सांगत नाही. ग्रिड गेला, युनिट ट्रिप झालं, सगळीकडे काळोख. डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, सुरू झाला, पण त्याची वीज जोडणारा ब्रेकर बसेना. तीन हजार फेऱ्यांनी फिरणारा रोटर थांबायला बराच वेळ लागतो, आणि तोवर बेअरिंगला तेल मिळालं नाही तर सगळं वितळतं. त्या रात्री बॅटरीवरच्या डीसी तेलपंपाने तारलं. नंतर चौकशीत कळलं, दर सोमवारी डीजीची चाचणी व्हायची ती बिनलोडची. इंजिन फिरतं का एवढंच बघायचं, ब्रेकर बसवून भार घेतो का हे कोणी बघतच नव्हतं. लॉगबुकात प्रत्येक सोमवारी "डीजी ट्रायल ओके" लिहिलेलं होतं. त्यातल्या निम्म्या सह्या माझ्या होत्या.

म्हणून "भिंत किती उंच आहे" या प्रश्नाने माझं समाधान होत नाही. बंद झाल्यावर वीज कुठून येणार, पाणी कुठून येणार, आणि त्याची चाचणी खऱ्या भारावर होते का, हे मला विचारायचंय. जाणत्यांनी लिहावं.

सिडकोवाली

काका, धागा उघडल्याबद्दल मनापासून आभार. माझा प्रश्न अगदी साधा आहे. भट्टी बॉम्बसारखी फुटू शकते का? आणि तिथे काही झालं तर नाशकात आपल्यापर्यंत पोचेल का? घरात दीड वर्षाचं बाळ आहे, म्हणून विचारते.

ओझरकर

बॉम्बसारखी नाही. बॉम्बला ९० टक्क्यांच्या आसपास समृद्ध केलेलं (सहज फुटणाऱ्या अणूंचं प्रमाण वाढवलेलं) युरेनियम लागतं. तारापूरच्या १-२ मध्ये अगदी थोडं समृद्ध इंधन असतं आणि ३-४ मध्ये तर नैसर्गिक युरेनियमच आहे. फुकुशिमाचे स्फोट हायड्रोजनचे होते. इंधनाच्या नळ्यांचं झिर्कोनियम अति तापलं की वाफेशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. १२, १४ आणि १५ मार्चला इमारती उडाल्या त्या त्याने. अशा ठिकाणी हायड्रोजन साठू न देता त्याचं परत पाणी करणारी, विजेशिवाय चालणारी उपकरणं असतात. फुकुशिमानंतर आपल्याकडेही ती बसवण्याचं काम हाती घेतलं गेलं.

टर्बाइनहॉल साहेब, मी विमानांच्या देखभालीत होतो, त्यामुळे तुमची सोमवारची गोष्ट काळजाला लागली. आमच्या शिकवण्यात एक उदाहरण हमखास यायचं. १९८९ साली अमेरिकेत सू सिटीला एक डीसी-१० विमान पडलं. त्यात तीन स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा होत्या, एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. पण तिन्हींच्या नळ्या शेपटीत एकमेकींजवळून जात होत्या. शेपटीतल्या इंजिनाची चकती फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही एकदम तोडल्या. यंत्रणा तीन असून उपयोग नाही, त्यांचं मरण वेगवेगळं असावं लागतं.

टर्बाइनहॉल

ओझरकर, अगदी हेच आपल्या उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात झालं होतं, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फार कमी झाली. ३१ मार्च १९९३ ची पहाट. टर्बाइनची दोन पाती तुटली, वीज जनरेटर गार ठेवायच्या हायड्रोजनने आणि तेलाने पेट घेतला. आग केबलच्या वाटेने पसरली. नेहमीच्या आणि आपत्कालीन पुरवठ्याच्या केबल इतक्या जवळून गेल्या होत्या की दोन्ही जळाल्या. १७ तास पूर्ण अंधार. पाळीवरचे लोक हातात विजेऱ्या घेऊन धुरातून वर चढले आणि भट्टी पुन्हा जागी होऊ नये म्हणून साखळी प्रक्रिया रोखणारं बोरॉन सोडायच्या झडपा हाताने उघडल्या. आग विझवायचे डिझेल पंप लावून स्टीम जनरेटरला, म्हणजे भट्टीच्या उष्णतेने वाफ करणाऱ्या भांड्यांना, पाणी दिलं. त्या प्रकारच्या भट्टीत या भांड्यांना पाणी मिळत राहिलं तर आतलं जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी) पंपाशिवाय स्वतःच फिरतं, गरम वर आणि गार खाली. इंधन वाचलं.

तारापूर ३-४ त्याच जातीच्या आहेत, जड पाण्याच्या. म्हणून त्यांच्याबद्दल मला त्या मानाने धीर वाटतो. १-२ ची गोष्ट निराळी. त्या उकळत्या पाण्याच्या, अमेरिकन बनावटीच्या, १९६९ पासूनच्या. पुढे क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणली. २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केल्या, नळ्या बदलायचं काम त्यात होतं. इतक्या जुन्या यंत्राचं आयुष्य वाढवताना काय तपासलं, हे शेजाऱ्यांना मराठीत वाचायला मिळायला हवं असं माझं ठाम मत आहे.

सिडकोवाली ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला घाईने उत्तर देत नाही. रात्री लिहितो.

पिंपळगावचा बागायतदार

मी वेगळं बोलतो, राग नसावा. आम्हाला शेतीला वीज रात्रीची मिळायची. कांद्याला पाणी द्यायला थंडीत दोन वाजता उठून जायचं, बॅटरी घेऊन, बिबट्याच्या भीतीने दोघं-दोघं. अजूनही कित्येक फिडरवर पाळ्या आहेत. कोळसा नको, धरण नको, अणू नको, मग विजेला काय करायचं? सौर आहे, माझ्या शेतात पंप बसवलाय, पण शीतगृहाला रात्रभर लागते ती वीज कुठून आणू? एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला विदर्भाकडून कोळसा येतो, राख इथे पडते. तारापूर पन्नासेक वर्षं चाललंय, त्याची राख कोणाच्या बागेवर पडली नाही.

राजापूरकर

दादा, राग अजिबात नाही. तुमची रात्रीची पाळी मला समजते. माझं गाव राजापूर तालुक्यात, पोटासाठी सातपूरला आहे २२ वर्षं. फक्त एवढं बघा की वीज तुमच्या शीतगृहाला आणि भट्टी आमच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर), हा हिशोब कोणी आमच्याशी बसून केला नाही.

माडबनच्या सड्यावर सहा भट्ट्यांचा जैतापूर प्रकल्प ठरला, एकूण ९,९०० मेगावॉटचा, फ्रेंच तंत्रज्ञानाचा. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल अशा गावांची ९३८ हेक्टर जमीन. नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी मिळाली. चार महिन्यांच्या आतच फुकुशिमा. आणि १८ एप्रिल २०११ ला नाट्यात आंदोलनावर गोळीबार झाला, साखरी नाट्याचा एक तरुण गेला. त्यानंतर जमिनीचा दर हेक्टरी २२.५ लाखांवर नेला. दर वाढला म्हणून भीती कमी होते का? आंब्याचं कलम लावणाऱ्याला आणि पहाटे होडी लोटणाऱ्याला एकच चिंता आहे, समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळी कुठे जाईल. त्यावर "अभ्यास झालाय" याहून जास्त कोणी समजावलं नाही.

तंत्रज्ञानाचंही सांगतो. ही भट्टी कागदावर भक्कम आहे. चार स्वतंत्र सुरक्षा शाखा, दुहेरी कवच, वितळलेलं इंधन झेलायची खाली वेगळी जागा. पण फ्रान्समध्ये फ्लामनव्हिलला २००७ ला बांधकाम सुरू झालं आणि वीज ग्रिडमध्ये गेली डिसेंबर २०२४ ला. फिनलंडमध्ये २००५ ते २०२३. ज्यांनी ती बनवली त्यांना जमायला १७-१८ वर्षं लागली, तर कोकणात सहा उभ्या करायला किती लागतील?

कातळ

भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून या बाजूने थोडं.

आपला पश्चिम किनारा जपानसारखा नाही. जपानच्या दारातच एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो, आपल्या किनाऱ्यालगत तसं नाही. अरबी समुद्राला धोका आहे तो मकरानचा, पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याचा. २८ नोव्हेंबर १९४५ ला तिथे आठच्या वर तीव्रतेचा भूकंप झाला आणि लाटा मुंबईपर्यंत आल्या. म्हणजे "अरबी समुद्रात त्सुनामी येत नाही" हे वाक्य कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. मात्र मकरानहून लाट यायला काही तास लागतात, जपानला तासही मिळाला नाही. २००७ पासून हैदराबादला इशारा केंद्र चालतं.

भूकंपाबद्दल बोलताना कोयना विसरता येत नाही. ११ डिसेंबर १९६७, तीव्रता सहाच्या वर, आणि त्याआधी दख्खनचा हा भाग स्थिर समजला जात होता. तारापूरच्या उत्तरेला डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या धक्क्यांची मालिकाच सुरू झाली, मोठ्यांतले मोठे चारच्या आसपास. अशा धक्क्यांनी भट्टीला इजा होत नाही, तिची रचना कितीतरी मोठ्या हादऱ्यासाठी असते. पण मालिकेची नोंद ठेवून रचनेचे आकडे पुन्हा तपासत राहणं हे कर्तव्यच आहे. विद्यार्थ्यांना घेऊन तिकडे गेलो होतो, थंडीत लोक लेकरांना घेऊन अंगणात तंबूत झोपत होते. त्यांना "धोका कमी आहे" हे आकड्यात सांगून उपयोग नसतो.

उंचीविषयी एक उदाहरण. जपानमधलंच ओनागावा हे अणुवीज केंद्र फुकुशिमापेक्षा भूकंपाच्या केंद्राला जवळ होतं. लाट तिथेही सुमारे १३ मीटरची आली. पण बांधताना जागा जुन्या लाटांच्या नोंदी पाहून जवळपास पंधरा मीटर उंच घेतली होती. ते वाचलं, आणि गाव वाहून गेलं तेव्हा तीनशेहून जास्त लोक त्या केंद्राच्या व्यायामशाळेत आसऱ्याला राहिले. माडबनचा सडा पंचवीसेक मीटर उंच आहे, ही त्याची जमेची बाजू मानावी लागेल.

टर्बाइनहॉल

सर, उंचीचं पटलं. फक्त एक भर घालतो. भट्टी सड्यावर असली तरी समुद्राचं पाणी उचलणारे पंप खालीच असणार. तामिळनाडूत कल्पक्कमच्या अणुवीज केंद्राला २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हेच झालं. लाटेचं पाणी पंपहाऊसमध्ये शिरलं, पंप बंद पडले. भट्टीची जागा उंच होती आणि डिझेल कोरडे राहिले, म्हणून ती सुखरूप बंद झाली आणि आठवड्याभरात पुन्हा लागली. वसाहतीतली माणसं मात्र लाटेत गेली. फुकुशिमाच्या आधी सहा वर्षं हा धडा आपल्या किनाऱ्यावर लिहिला गेला होता.

फुकुशिमानंतर आपल्याकडच्या सगळ्या केंद्रांची फेरतपासणी झाली. बाहेरून अग्निशमनाच्या गाडीची नळी जोडून थेट पाणी देता यावं अशी जोडणी करायचं ठरलं, वेगळे डिझेल पंप, जास्तीच्या बॅटऱ्या, किनाऱ्याचं संरक्षण. मला त्यातली नळीची जोडणी सगळ्यात आवडली. त्याला संगणक लागत नाही, हात लागतात. फक्त ती नळी दर काही महिन्यांनी रात्रीच्या अंधारात, पावसात जोडून बघितली पाहिजे.

आता सिडकोवाली ताईंचं उत्तर.

नाशिक ते तारापूर सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटर. आपल्याकडे आपत्कालीन तयारीचं क्षेत्र १६ किलोमीटरचं धरतात, त्यामुळे नाशिक कुठल्याच वर्तुळात नाही. पण वारा वर्तुळं बघत नाही. फुकुशिमाला बहुतेक दिवस वारा समुद्राकडे होता. १५ मार्चला तो वायव्येला फिरला, पाऊस-बर्फ पडलं आणि ४० किलोमीटरवरच्या इताते गावावर किरणोत्सर्गी कण उतरले. ते गाव लोकांना हलवलेल्या २० किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर होतं, त्यांना हलवायचा निर्णय व्हायला महिना गेला. आणि टोकियो, २२० किलोमीटरवर. २३ मार्चला तिथल्या एका जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात लिटरमागे २१० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) इतकं किरणोत्सर्गी आयोडीन सापडलं. मोठ्यांची मर्यादा ३००, तान्ह्या बाळांची १००. नळाचं पाणी बाळांना देऊ नका असं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी पातळी उतरल्यावर मागेही घेतलं.

म्हणजे ताई, नाशिक सोडून पळायची वेळ येईल असं मला वाटत नाही. पण पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैऋत्य-पश्चिमेचा, म्हणजे तारापूरच्याच बाजूचा. अशा वेळी गंगापूर धरणाचं पाणी, दूध, पालेभाजी तपासून त्याच दिवशी आकडा सांगणारं कोणीतरी शहरात असावं लागेल. टोकियोला तो आकडा सांगणारं कोणी होतं. लोक घाबरले, पण त्यांना काय करायचं ते कळलं.

पिंपळगावचा बागायतदार

हे वाचून थांबलो. २०१० ला क्लोरमेक्वाट या औषधाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती, आठवतंय ना? औषध वापरलेलं-न वापरलेलं सगळे एकाच तराजूत गेले. तेव्हापासून प्रत्येक बागेची नोंद, प्रत्येक नमुन्याची तपासणी. किरणोत्सर्गाची नुसती अफवा आली तरी भाव पडेल, आणि आपल्याकडे दाखवायला कागद नसेल. काका, वीज हवीच आहे हे माझं मत कायम. पण जिल्ह्यात मोजणी हवी, आणि ती आधीपासून रोजची हवी. आज पाण्यात किती आहे हे माहीत असेल तरच उद्या वाढलं की नाही ते सांगता येईल.

परिचारिका नाशिकरोड

आयोडीनच्या गोळीबद्दल लिहिते, कारण फुकुशिमाच्या वेळी आमच्याकडे लोक विचारायला आले होते आणि काहींनी जखमेवरचं आयोडीन प्यायचं का असंही विचारलं. कृपया तसं कधीही करू नका.

पोटॅशियम आयोडाइडची गोळी फक्त थायरॉईड ग्रंथीला वाचवते. ग्रंथी चांगल्या आयोडीनने भरून टाकली की किरणोत्सर्गी आयोडीनला जागा उरत नाही. सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सर्गी कणांवर तिचा काही उपयोग नाही. कण पोचण्याच्या थोडं आधी किंवा लगेच नंतर घेतली तरच फायदा, आणि सर्वांत गरज लहान मुलं आणि गरोदर बायकांना. सांगितल्याशिवाय घ्यायची नाही. चेर्नोबिलनंतर मुलांना थायरॉईडचा कर्करोग झाला तो मुख्यतः दुधातून. पहिले काही आठवडे ते दूध थांबवलं असतं तर कित्येक मुलांचा हा कर्करोग टळला असता. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणून काही आठवडे सांभाळणं एवढं महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. फुकुशिमात किरणोत्सर्गाने तत्काळ कोणी दगावलं नाही. पण घाईघाईत हलवल्यामुळे, औषधं-ऑक्सिजन तुटल्यामुळे, नंतरच्या ओढाताणीत फुकुशिमा प्रांतात दोन हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक म्हातारी. रुग्णालयातल्या अंथरुणाला खिळलेल्यांना बसमध्ये बसवून तासन्‌तास फिरवलं गेलं. मी अतिदक्षता विभागात काम केलंय. व्हेंटिलेटरवरचा एक रुग्ण एका मजल्यावरून दुसऱ्यावर न्यायचा तर चार जण लागतात. त्यामुळे १६ किलोमीटरच्या आतल्या दवाखान्यात किती खाटा आहेत आणि त्यांना कोण, कुठल्या गाडीतून, कुठे नेणार, हा कागद मला भिंतीच्या उंचीइतकाच महत्त्वाचा वाटतो. कित्येकदा दार-खिडक्या लावून घरात थांबणं जास्त सुरक्षित असतं.

जव्हारमार्गे

माझं सासर तारापूरच्या किनाऱ्यावरच्या गावात. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर करत वर्षातून आठ-दहा वेळा जातो.

भट्टीच्या शेजारी राहणं म्हणजे काय, ते बाहेरून वाटतं तसं नसतं. सासरे डोल जाळीवर बोंबील मारायचे. भट्टीची भीती त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकली. त्यांचं बोलणं मासळी दूर गेली, खोल जावं लागतं, डिझेल परवडत नाही, इकडेच यायचं. त्यात भट्टीचं गरम पाणी किती, कारखान्यांचं सांडपाणी किती, मोठे ट्रॉलर किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. ३-४ साठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. त्यांच्या पुनर्वसनाचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. माणूस शेजाऱ्यावर विश्वास ठेवतो तो अशा व्यवहारांवरून.

टर्बाइनहॉल काका, पुतणीच्या दृष्टीने एक खरं सांगू? बोईसरला राहणाऱ्याने रासायनिक कारखान्यांची काळजी जास्त करावी. औद्योगिक वसाहतीत स्फोट आणि वायुगळतीच्या बातम्या येत असतात. खोली घेताना कारखान्यांपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बघा. आणि सूचना कुठल्या भाषेत असतात ते विचारा. तिथे मांगेली बोलणारे आहेत, वारली बोलणारे आहेत, परप्रांतातून आलेले कामगार आहेत. सायरन झाल्यावर घरात थांबायचं की नाक्यावर यायचं, हे म्हातारीला तिच्या बोलीत कळलं पाहिजे.

राजापूरकर

ही शेवटची ओळ फार मोलाची. आमच्याकडे सगळे अहवाल आधी इंग्रजीत आले.

एक राहिलंच. तपासणारा कोण? अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ ला स्थापन झालं, पण ते ज्या आयोगाला उत्तरदायी होतं, त्याचे अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचेच सचिव असायचे. २०१२ च्या अहवालात कॅगने मंडळाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं होतं. मंडळातली माणसं प्रामाणिक नाहीत असं मी म्हणत नाही. पण परीक्षा घेणारा आणि देणारा एकाच घरात जेवत असतील तर शेजाऱ्याला शंका येणारच. आणि भरपाई? २०१० च्या कायद्यात चालवणाऱ्या कंपनीची मर्यादा १,५०० कोटी ठेवली होती. जपानमध्ये भरपाई त्याच्या कित्येक पट गेली.

ओझरकर

राजापूरकर, याबाबत मी तुमच्या बाजूने आहे, जरी अणुवीज हवी असं माझं मत असलं तरी. विमान कारखान्यात बनलं तरी ते उडवायचं की नाही यावर सही करणारा निरीक्षक उत्पादनाच्या साहेबाला बांधील नसायचा. तो नको म्हणाला की विमान जमिनीवर. आम्ही चिडायचो, पण त्याच्यामुळेच निश्चिंत झोपायचो.

टर्बाइनहॉल

काल सगळा धागा वहिनींना वाचून दाखवला. २८ टँकरपाशी त्यांनी थांबवलं आणि परत वाचायला लावलं. इताते गावाचं ऐकून गप्प झाल्या. परिचारिका ताईंचं त्यांनी वहीत उतरवून घेतलं.

शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो माझ्या यादीत नव्हता. "तिथे रात्रपाळी करणारे साहेब आपल्या बायका-मुलांना कुठे ठेवतात?" मी म्हटलं, बोईसरलाच, केंद्राची वसाहत तिथेच आहे, मुलं तिथल्याच शाळांत जातात. त्या म्हणाल्या, "मग त्यांच्यातल्या एखाद्या बाईशी मला बोलायचंय."

रविवारी सकाळी सहाला निघतोय, भाऊ, वहिनी, पुतणी आणि मी. जव्हारमार्गे, तुमच्या सासरच्यांकडे पाच मिनिटं टेकता आलं तर बरं होईल, निरोप ठेवा.

जव्हारमार्गे

पाच मिनिटं कसली, जेवूनच जा. निरोप ठेवतो. शेजारच्या घरातली एक मावशी केंद्राच्या वसाहतीत वर्षानुवर्षं स्वयंपाकाला जाते, तिच्यामार्फत वहिनींची गाठ घालून देता येईल. मोखाड्याच्या पुढे घाटात रस्त्याचं काम चालू आहे, अर्धा तास जादा धरा.

पुतणी

काका, मीही वाचतेय. आईला अजून सांगितलं नाही, पण हजर होणार हे माझं ठरलंय. मला पाचवी ते सातवीचं विज्ञान मिळणार आहे. पहिल्याच आठवड्यात मुलांना विचारणार आहे, सायरन वाजला तर घरी कोण काय करतं. जे सांगतील ते तुम्हाला कळवते. बिनलोडच्या चाचणीची गोष्ट वर्गात सांगू का? तुमचं नाव न घेता.

टर्बाइनहॉल

सांग. आणि नाव घेतलंस तरी चालेल.